सरांना उठवणे

शेवटच्या साध्या दिवशी, रविवारी दुपारी, बाबांनी मला नापास केलं.

मी त्यांच्याकडून एक होकार काढायला गेले होते. हृदयाच्या डॉक्टरची सोमवारची वेळ मी घेऊन ठेवली होती. गेले काही दिवस बाबा जिना चढताना मधल्या वळणावर थांबत आणि खिडकीतून बाहेर बघत, जणू बाहेर काही बघण्यासारखं होतं. बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. हे मला आत्याकडून कळलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बाबांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, आणि जिन्यात कोण किती वेळ थांबतं हे तिला घरबसल्या ऐकू येतं.

बाबा खुर्चीत होते. आई गेल्यापासून घरात त्यांची तेवढी एकच जागा उरली होती. लाकडी, जड, हातांची खुर्ची. बैठकीवर काळं कातडं, आणि पाठीच्या वरच्या पट्टीला एक जुनी चीर, लोखंडी पत्री ठोकून सांधलेली. चीर कशी पडली असं मी लहानपणी विचारलं होतं. "पडली होती एकदा," एवढंच उत्तर मिळालं होतं. उजव्या हाताचं टोक झिजून गुळगुळीत झालं होतं, कारण विचार करताना बाबा तिथे बोटाचं पेर आपटत.

या खुर्चीबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा बिझनेस स्कूलमध्ये शिकवत. विषयाचं नाव लांबलचक होतं: नेतृत्व, प्रभाव आणि वाटाघाटी. शेवटची परीक्षा मात्र एका वाक्याची. बाबा वर्गाच्या मधोमध या खुर्चीत बसत, आणि विद्यार्थ्यानं पाव तासात त्यांना तिच्यातून उठवायचं. हात लावायचा नाही, धमकी द्यायची नाही. सरांनी आपणहून उठायला हवं. अभ्यासक्रमात त्याला 'अंतिम प्रात्यक्षिक' म्हटलं होतं. मुलं म्हणत 'सरांना उठवणे', आणि सरांना म्हणत 'डिंक'. मुलांनी विनवण्या केल्या, गाणी म्हटली, वडिलांच्या कंपनीत सल्लागाराची जागा देऊ केली. एकानं सगळा वेळ सरांच्या शेजारी जमिनीवर बसून काढला आणि त्याला बरे मार्क मिळाले. उठवलं की नाही यावर मार्क नव्हतेच. समोरच्याचं ऐकतोस का, अडलास की काय करतोस, यावर होते. पण हे सांगूनही कुणाला पटत नसे. प्रत्येकाला डिंक सोडवायचाच असे.

इतक्या वर्षांत ते एकाच मुलाला जमलं. तो पुढे बाबांचा सहायक झाला, आणि बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागेवर आला. मी त्याला पट्टशिष्य म्हणते, आणि कॉलेजच्या वयापासून त्याला पाण्यात पाहते. त्यानं ते कसं केलं हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. बाबांनीही नाही. "त्याचं त्याच्यापाशी," ते म्हणत, आणि पेर आपटत.

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजनं खुर्ची बाबांना भेट दिली. ती घरी आली, आणि परीक्षा मग आमच्याच घरात चालू राहिली.

"उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय," मी म्हणाले.

"जायचंय?" बाबा म्हणाले.

समोरच्याचे शेवटचे शब्द प्रश्नचिन्ह लावून परत द्यायचे, म्हणजे तो बोलत राहतो आणि आपण फुकटात ऐकतो. हे शिक्षण मला दूध पिण्याच्या वयात मिळालं. मला भूक लागलीय म्हटलं की 'लागलीय?' असं यायचं, आणि भूक किती, कशाची, कधीपासून, हे सगळं मलाच मांडावं लागायचं.

"वेळ घेतलीय मी."

"घेतलीयस?"

"बाबा, माझ्यावर नका करू हे."

"बरं." ते हसले. "मग बोल सरळ. काय देतेस?"

"काय देते म्हणजे? तुमच्या छातीबद्दल बोलतेय मी."

"माझी छाती माझ्याकडे आहे. तुला ती हवीय. म्हणून विचारतो, काय देतेस."

मी पिशवी खाली ठेवली. मला राग आला होता, आणि रागावलेला माणूस स्वस्तात विकला जातो हेही त्यांनीच शिकवलेलं होतं. म्हणून मी शांतपणे म्हणाले, "उद्या नको असेल तर बुधवारी. तुमच्या सोयीनं. तुम्ही ठरवा."

"दोन दारं दाखवतेस आणि दोन्ही तुझ्याच घरात उघडतात," बाबा म्हणाले. "दहापैकी चार."

"मी परीक्षा देत नाहीये."

"समोर उभी तर आहेस."

"आत्यालाही वाटतं की तुम्ही—"

"युती. कमजोर बाजू युती करते. आणि तिला आत बोलाव, दाराआड उभं राहून पाय दुखतील तिचे."

आत्या आत आलीच. "माझ्या पायांची काळजी नको, दादा. मी जिन्यात भिंती बघत उभी राहत नाही."

"भिंत चांगली आहे ती."

"डोंबलाची चांगली. अगं, तू याच्याशी काय चर्चा करत बसलीयस? बखोट धर आणि ने."

"हात लावायचा नाही," बाबा म्हणाले.

मग मी त्यांचंच हत्यार काढलं. गप्प बसले. वाटाघाटीत पहिला बोलेल तो पडतं घेतो, हा त्यांचा धडा. त्यात आम्ही दोघं तरबेज होतो. माझं कॉलेज, माझं लग्न, माझं परत येणं, सगळं या घरात असंच ठरलं होतं. दोन माणसं एकमेकांकडे बघत आणि आई मधूनमधून चहा आणून ठेवत. आता आई नव्हती. फ्रिजचा आवाज येत होता. बाबांच्या कपाळावर बारीक घाम होता. मी तो पाहिला. मी तो बोलून दाखवला नाही; मुद्दा म्हणून वापरायचा की नाही याचा मी विचार करत होते.

आत्याच आधी मोडली. "तुमचं होऊ दे," असं म्हणून खाली गेली.

शेवटचा डाव एकच असतो: निघून जाणं. मी पिशवी उचलली. "ठीक आहे. वेळ रद्द करते. तुमचं तुम्ही बघा." आणि दारापर्यंत गेले. दाराशी चपला घालायला लागतो त्याहून जास्त वेळ लावला. ते हाक मारतील अशी माझी खात्री होती. वर्गात ते सांगत की खरंच जाणार असाल तरच दाराकडे चाला, नाहीतर पाठीवरून कळतं. माझ्या पाठीवरून त्यांना कळलं असणार.

"दार नीट ओढून घे," ते म्हणाले. "वाऱ्यानं आपटतं."

पुस्तकं वाचणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. मी प्रकाशनात संपादनाचं काम करते. पुस्तकांतली माणसं मरण्याआधी काहीतरी म्हणून जातात. निदान लेखक त्यांच्याकडून तसं म्हणवून घेतो. माझ्या वडिलांनी मला दार ओढायला सांगितलं. मी ओढलं.

सोमवारी सकाळी आत्याचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "अगं, दादा उठत नाहीये."

ते खुर्चीतच होते. चष्मा कपाळावर सरकवलेला होता.

*

पट्टशिष्याचा फोन महिन्याभरानं आला. तोपर्यंत तो अंत्ययात्रेला येऊन गेला होता, बोलून गेला होता, आणि त्याचं भाषण लोकांना आवडलं होतं.

"ताई, सरांच्या नावानं आपण एक दालन करतोय," तो म्हणाला. "नेतृत्व दालन. मुलं तिथे सराव करतील. मधोमध काचेच्या पेटीत सरांची खुर्ची. खाली पितळी पाटी."

"पाटीवर काय?"

"मी बरेच दिवस विचार केला." तो थांबला. थांबायचं कुठे हे त्याला फार चांगलं जमतं. "'ते कधीच उठले नाहीत.'"

"वाक्य शुद्ध आहे," मी म्हणाले.

"आवडलं ना?"

"माणूस त्याच खुर्चीत मेलाय. त्याच खुर्चीखाली तुम्ही लावणार की ते कधीच उठले नाहीत."

पलीकडे शांतता. ही मात्र त्यानं ठरवून घेतलेली नव्हती.

"त्या अर्थानं नव्हतं, ताई."

"वाचणारा अर्थ विचारायला तुमच्याकडे येणार नाही."

"पाटी बदलू आपण. शब्द तुम्ही सुचवा. तुमचाच प्रांत आहे."

मला ते लगेच दिसलं. शब्दांवर बोलायला बसले की खुर्ची दिल्याचं मी गृहीत धरल्यासारखं होणार. छोट्या गोष्टीचा मान द्यायचा आणि मोठी गोष्ट खिशात घालायची. धडा तिसरा.

"खुर्ची देणार नाहीये मी," मी म्हणाले.

"देणार नाही?"

मी फोन ठेवला. माझ्या वडिलांचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

त्या खुर्चीचं मी काय करणार होते, हे मलाही माहीत नव्हतं. माझ्या दोन खोल्यांत ती मावली नसती. आत्या म्हणाली, "ठेव माझ्याकडे, कपडे वाळत घालीन तिच्यावर." ती हे म्हणाली खरं, पण बाबांच्या घरात आली की खुर्चीला वळसा घालून जायची.

*

पुढच्या शनिवारी मी बाबांचं घर आवरत होते. आत्या कपाटातले कोट झटकत होती. दुपारी तीन विद्यार्थी आले. सरांच्या शेवटच्या तुकडीनंतरची मुलं. सरांना त्यांनी पाहिलेलंही नव्हतं, पण भेटायला यावंसं वाटलं, असं म्हणाले. एक टाय घातलेला मुलगा, एक रुमाल हातात घेतलेली मुलगी, आणि एक सर्दी झालेली मुलगी. सर्दीवाली दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि जमिनीकडे बघत राहिली.

टायवाल्यानं पाणी मागितलं. मी दिलं.

"फार त्रास झाला असेल तुम्हाला," तो म्हणाला.

"आवराआवर बरीच आहे."

"बरीच आहे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती, व्यवस्थित इस्त्री केलेली.

रुमालवालीनं बाबांच्या एका जुन्या फोटोचा फोटो काढू का विचारलं. मी हो म्हटलं. मग ती खुर्चीकडे बघून म्हणाली, "हीच ती?" आणि तिचे डोळे भरून आले. अगदी बरोबर वेळेला. "माझेही आजोबा असेच एका खुर्चीत बसायचे," ती म्हणाली. "आम्ही ती ठेवून घेतली, आणि आईला रोज ती बघून त्रास व्हायचा. शेवटी देऊन टाकली तेव्हा आई बरी झाली."

"कुणाला दिली?" आत्यानं कपाटातून विचारलं.

"अं?"

"आजोबांची खुर्ची गं. कुणाला दिली?"

"एका... संस्थेला."

"अस्सं. संस्थेला."

मग रुमालवालीनंही पाणी मागितलं.

आधी पाणी मागा, बाबा वर्गात सांगत. पाणी दिलेला माणूस दुसऱ्या मागणीला नाही म्हणायला लाजतो. मग काहीतरी छोटं मागा, फोटो, सही, काहीही. मग जे हवं ते. लहान असताना मी एकदा त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून हे ऐकलं होतं आणि घरी येऊन आईवर करून पाहिलं होतं. आईनं पाणी दिलं होतं आणि पाठीत धपाटाही.

मी पाणी आणून दिलं आणि सर्दीवालीकडे वळले. "तुला नको पाणी?"

"नको," ती नाकातून म्हणाली. "सांगितलं होतं मागायला. पण मला खरंच तहान नाहीये."

टायवाल्यानं डोळे मिटून घेतले.

"किती मार्कांना आहे मी?" मी विचारलं.

"मॅडम, तसं काही—" टायवाला म्हणाला.

"चाळीस," सर्दीवाली म्हणाली. "म्हणजे तुम्ही नाही. खुर्ची. तुमच्यासाठी वेगळे नाहीत."

आत्या कपाटातून बाहेर आली. तिच्या हातात बाबांचा कोट होता आणि तो तिनं एखाद्या हत्यारासारखा धरला होता. "म्हणजे तुम्ही मयताच्या घरी परीक्षा द्यायला आलात?"

"सरांनी सांगितलं की खरी परिस्थिती..." रुमालवालीचे डोळे आता कोरडे होते, आणि ती आधीपेक्षा लहान दिसत होती.

"कुठे आहेत तुमचे सर?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्या उत्तरासाठी थांबली नाही. ती जिन्यात गेली, आणि थोड्या वेळानं पट्टशिष्याला पुढे घालून परत आली.

"मधल्या वळणावर उभा होता," ती म्हणाली. "भिंत बघत."

*

आता केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. कपडे बाबांसारखेच करतो: राखाडी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत ओढलेल्या. त्यानं मुलांकडे एकदा पाहिलं आणि कुणी फोडलं ते त्याला कळलं. सर्दीवालीनं नाक पुसलं.

"मला सांगायला हवं होतं, ताई," तो म्हणाला. "माझी चूक."

"ही कबुली आहे की सुरुवात?"

"सुरुवात?"

"परत तेच. बोलताना तुमचे स्वतःचे शब्द वापरा, मला बरं वाटेल."

तो बसला नाही. बसायला खुर्ची एकच रिकामी होती. "सर म्हणायचे, खोट्या परिस्थितीत मुलं खोटंच शिकतात. बाजारातली उदाहरणं आम्ही पंचवीस देतो. समोरच्याला खरंच काही द्यायचं नसतं तेव्हा काय करायचं, ते मुलांना कुठे शिकवू?"

"माझ्याकडे?"

"तुमच्यासारखी समोरची बाजू मला कुठे मिळणार? तुम्ही सरांच्या हाताखाली तयार झालात."

"हे कौतुक आहे?"

"हो."

"ते परत घ्या," आत्या म्हणाली. "आणि ही कार्टी घेऊन जा."

मी आत्याला हातानं थांबवलं. मला एक गोष्ट हवी होती, आणि ती याच माणसाकडे होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझ्याकडून काही हवं होतं.

"तुम्ही बाबांना कसं उठवलंत?" मी म्हणाले. "ते सांगा. मग खुर्चीचं बोलू."

मुलांच्या माना एकदम वर आल्या. या गोष्टीवर त्याची सगळी नोकरी उभी होती. सर्दीवालीसुद्धा सर्दी विसरली.

"ते मी कुणाला सांगत नाही, ताई."

मी काही बोलले नाही.

तोही गप्प झाला. तो यात चांगला आहे. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टुकटुक आवाज आला आणि थांबला. टायवाल्यानं टाय सैल केला. आत्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. पट्टशिष्य माझ्या कपाळाकडे बघत होता. डोळ्यांत न बघता डोळ्यांत बघितल्यासारखं दिसतं. मी त्याच्या मनगटाकडे बघत होते. मनगट कधी खोटं बोलत नाही. त्यानं बाही आणखी वर ओढली, आणि मला कळलं की आता बोलणार.

"तुम्ही तेव्हा शाळेत होतात," तो म्हणाला. "माझा नंबर शेवटचा होता. सगळे आपटून निघून गेले होते, वर्गात सर एकटेच होते. मी आत आलोच नाही. दारातूनच म्हणालो, सर, ऑफिसात फोन आलाय. तुमच्या मुलीच्या शाळेतून. तिला लागलंय."

आत्या मटकन बाजेवर बसली.

"मला वाटलं ते हसतील," तो म्हणाला. आता त्याचा आवाज बाबांसारखा नव्हता. "किंवा 'लागलंय?' म्हणतील. पण ते उठले. खुर्ची मागे आडवी झाली. चष्मा टेबलावर राहिला. ते जिना उतरून धावत ऑफिसकडे निघाले, आणि मी मागून ओरडत होतो, सर, खोटं आहे, सर. त्यांना ऐकूच येत नव्हतं. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं तेव्हा थांबले."

"मग?"

"परत आले. खुर्ची उचलली. पाठीची पट्टी फुटली होती. तशीच सरळ केली आणि बसले. दम लागला होता त्यांना. म्हणाले, पूर्ण मार्क." तो थांबला. या वेळी थांबण्याची जागा चुकली होती. "आणि म्हणाले, हे पुन्हा कुणावर करायचं नाही. आणि हे कुणाला सांगायचं नाही. घरी तर नाहीच."

"का?"

"म्हणाले, माझ्या मुलीला कळलं तर ती रोज मला उठवेल."

कुणी हसलं असतं तर मला चाललं असतं. कुणी हसलं नाही. मी खुर्चीच्या पाठीवरची पत्री बघत होते. तीन खिळे, एक वाकडा. ते काम बाबांनी स्वतः केलं असणार. त्यांच्या हातून खिळा कधी सरळ जात नसे.

"बसा," मी म्हणाले.

"कुठे?"

"तिच्यात. भूमिका बदलून करताच ना तुम्ही वर्गात? तुम्ही बाबा. मी त्यांची मुलगी. उठलात तर खुर्ची माझी. नाही उठलात तर न्या."

"ताई, हे बरं दिसणार नाही."

"मयताच्या घरी पाणी मागायला माणसं पाठवलीत. बरं दिसायचं काय राहिलंय?"

तो बसला. आधी कडेवर, मग हळूहळू मागे टेकला. उजवा हात आपोआप खुर्चीच्या हातावर गेला आणि पेर आपटायला लागला. आत्यानं तोंड फिरवलं. मुलं भिंतीला लागून उभी राहिली, प्रात्यक्षिकाला निरीक्षक उभे राहतात तशी.

"उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय," मी म्हणाले.

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी काय करतेय हे त्याला समजलं. तरी तो शिकवलेलं विसरला नाही.

"जायचंय?"

"वेळ घेतलीय."

"घेतलीयस?"

"उद्या नको असेल तर बुधवारी. तुम्ही ठरवा."

"दोन्ही दारं तुझ्याच घरात उघडतात," तो म्हणाला.

हे वाक्य त्यालाही मिळालं होतं तर. मला वाटलं होतं ते रविवारी माझ्यासाठी सुचलं होतं.

"आत्यालाही वाटतं."

"युती," तो म्हणाला, हळू. त्याला आता थांबायचं होतं, पण मी थांबवत नव्हते. यानंतर गप्प बसायचं होतं, आणि त्यानंतर दाराकडे चालायचं. माझी पिशवी टेबलावर होती. मी तिला हात लावला नाही.

"खुर्ची घेऊन जा," मी म्हणाले.

"काय?"

"तुमची झाली. उठलात तरी, बसून राहिलात तरी. काचेत ठेवा, वर्गात ठेवा. पाटी मात्र लावायची नाही. आत्या साक्षीदार आहे, ही मुलं साक्षीदार आहेत. चाळीस मार्क देऊन टाका यांना. पाणी न मागणारीला जास्त द्या."

"ताई, हे तंत्र मी ओळखतो. आधी सगळं सोडून द्यायचं आणि—"

"नाही. माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

"मग आता कशासाठी बोलणार?" टायवाल्यानं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याचा दोष नाही. हे कुणी शिकवतच नाही.

मी पट्टशिष्याकडे पाहिलं नाही. त्याच्या मागे, पट्टीवरच्या वाकड्या खिळ्याकडे पाहिलं. माझा आवाज मला हवा होता तसा निघाला नाही. शाळेतल्या मुलीसारखा निघाला.

"बाबा," मी म्हणाले, "मला फार भीती वाटतेय. उठा ना."